विकिमीडिया कॉमन्स: मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले करताना

पन्हाळा किल्ल्यावरच्या ‘तीन दरवाजा’चा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला की फाइल लहान होते, कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख आणि जागा निघून जाते. दोन-तीन ग्रुप ओलांडले की तो कुणी काढला, कधी काढला, हे सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी कोल्हापूर-पन्हाळा भागातले फोटो आणि व्हिडिओ विकिमीडिया कॉमन्सवर चढवतेय. सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांना चित्रं पुरवणारं हे भांडार २००४ साली सुरू झालं आणि आता तिथे १० कोटींहून जास्त फाइली आहेत. इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: फोटो चढवणं सोपं आहे, खरं काम त्याच्यासोबत लिहिण्याचं आहे. तेवढी मेहनत घेणार असाल, तर गावाकडच्या फोटोंसाठी याच्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

खातं फुकट आहे, पडद्यावरची भाषा मराठी करता येते. फाइल निवडली की आधी विचारतात, हे तुमचं स्वतःचं काम आहे का. मग परवाना. स्वतःच्या फोटोसाठी बहुतेक जण सीसी बाय-एसए ४.० घेतात. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. कुणीही हा फोटो वापरू शकतो, पुस्तकात छापू शकतो, त्यावर पैसेही कमावू शकतो. फक्त तुमचं नाव द्यायचं, परवाना नमूद करायचा आणि बदल करून प्रसिद्ध केला तर तोही याच परवान्यानं खुला ठेवायचा. दिलेला परवाना परत घेता येत नाही. ‘धंद्यासाठी वापरू नका’ अशी अट घातलेले फोटो इथे चालत नाहीत. अनेकांना हे खटकतं, मला पटतं. शाळेचं पुस्तक छापणारा प्रकाशकही धंदाच करतो, आणि त्या पुस्तकात पन्हाळ्याचा चांगला फोटो यावा असं मला मनापासून वाटतं.

आता लिहिण्याचं. ‘पन्हाळा ३’ असं नाव दिलेला फोटो कुणाच्याही हाती लागत नाही. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यात, म्हणजे जुन्या धान्यकोठारात, गंगा, जमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. फोटो कुठल्या कोठीचा, आतून की बाहेरून, हे नावात आणि वर्णनात असलं तरच तो शोधणाऱ्याला सापडतो. नाव देवनागरीत ठेवता येतं. वर्णन मराठीत लिहून खाली इंग्रजी जोडता येतं. फाइली विषयवार लावण्यासाठी वर्ग असतात, त्यांची नावं मात्र बहुतेक इंग्रजीतच आहेत, तेव्हा सगळ्यात नेमका वर्ग शोधून लावायचा. शिवाय ‘या चित्रात काय आहे’ हे विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीसंचातल्या नोंदीशी जोडण्याची सोय आहे. एका फोटोमागे हे सगळं करायला वेळ लागतो, पण फळ दिसतं. फाइलच्या पानावर खाली, ती कुठकुठल्या विकींवर वापरली आहे याची यादी येते. आपण काढलेला पन्हाळ्यावरच्या अंधारबावी या विहिरीचा फोटो दुसऱ्या भाषेतल्या लेखात पाहिला की केलेलं सगळं लिखाण सार्थकी लागतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. आता तर नेमक्या माहितीच्या फोटोंची गरज आणखी वाढली आहे.

कायद्याची बाजू समजून घेतली की मन निर्धास्त होतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पांचे फोटो काढायला, प्रसिद्ध करायला मोकळीक देतं. त्यामुळे चौकातल्या पुतळ्याचा फोटो चालतो. भिंतीवर रंगवलेलं नवं चित्र, सिनेमाचं पोस्टर, गणपतीसमोरचा चार दिवसांचा देखावा यांना ही मोकळीक नाही. जुन्या फोटोंचंही तसंच. आपल्या कपाटात फोटो आहे म्हणून त्याचा हक्क आपला होत नाही. दुसऱ्यानं काढलेला फोटो हवा असेल तर त्यालाच खातं उघडून चढवायला सांगणं सगळ्यात सरळ. नाहीतर परवानगीची ईमेल त्यानं स्वतः पाठवावी लागते. आणि फाइल मागवायचीच तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे ती मूळ आकारात येते.

कॅमेऱ्याची नोंद इथे फाइलसोबत टिकते आणि सगळ्यांना दिसते. किल्ल्यासाठी हे उत्तमच. घरात काढलेला फोटो असेल किंवा पठारावरच्या दुर्मीळ रोपाचा असेल, तर जागेची नोंद आधी काढून टाका. रोप उपटून नेणाऱ्याला आपण पत्ता देऊ नये.

सगळ्यात जास्त जीव मी गुऱ्हाळाच्या व्हिडिओत ओतला. मोबाइल बहुधा एमपी-फोर फाइल बनवतो आणि कॉमन्स ती घेत नाही. या प्रकारामागे पेटंटं होती आणि २०१४ साली तिथल्या सदस्यांनी चर्चा करून ती नकोच असं ठरवलं. फाइल वेबएम या खुल्या प्रकारात बदलावी लागते. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर ते करतं. व्हिडिओ-टू-कॉमन्स या साधनाला फाइल दिली तर ते रूपांतर करून चढवूनही देतं. नवख्या माणसाला ही पायरी जड जाते, हे खरं.

चित्रीकरण करतानाच दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गाण्याची. गुऱ्हाळावर मोबाइलवर गाणी लावलेली असतात. ती रेकॉर्ड झाली की गाण्याच्या हक्काचा प्रश्न येतो. आवाजच काढून टाकला तर चरकाची घरघर आणि काहिलीतल्या रसाचं खदखदणंही जातं, म्हणून थोडा वेळ गाणं बंद ठेवायची विनंती करायची. दुसरी माणसांची. गुऱ्हाळ ही कुणाची तरी खासगी जागा. गूळ बनवणारा गुळव्या, चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, यांना ‘हे जगभर कुणालाही दिसेल’ असं स्पष्ट सांगून विचारायचं. नको म्हणाले तर नुसते हात आणि काहील दाखवायची. भेंडीच्या चिकट पाण्यानं रसातली मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढतो. तेवढं एकच काम सलग आणि स्थिर घेतलेलं असेल, तर पुढे कुणालाही शिकायला उपयोगी पडतं. धावत्या कॅमेऱ्यानं सगळं टिपण्यापेक्षा हे कितीतरी बरं. व्हिडिओखाली उपशीर्षकंही जोडता येतात आणि ती वेगळ्या पानावर मजकूर म्हणून राहतात. गुळव्याचं कोल्हापुरी बोलणं मी जसंच्या तसं लिहिलंय. चुकलं असेल ते जाणकार दुरुस्त करू शकतात.

मराठी विकिपीडियाच्या लेखात हे घालणं सोपं आहे: [[चित्र:फाइलचं नाव|इवलेसे|उजवे|चित्राखालची ओळ]]. व्हिडिओलाही हीच ओळ चालते. चित्र लहान आकारात दाखवण्यासाठी ‘इवलेसे’ हा शब्द ज्यानं कुणी योजला, त्याचं कौतुक वाटतं.

दुव्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. पानाचा देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षर-मात्रेची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ चिन्हं होतात आणि तो कुठे पाठवणं अवघड होतं. विकीची पानं असतील तर डब्ल्यू डॉट विकीवर छोटा पत्ता करून मिळतो. बातमीचा संदर्भ देणार असाल तर त्याच दिवशी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान साठवा आणि साठवलेला दुवाही सोबत द्या. संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुने दुवे तुटतात, आणि गावपातळीवरची बातमी सहसा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

लग्नाचे, सहलीचे, घरच्या अल्बमचे फोटो इथे आणू नका. शिकायला, समजायला उपयोगी पडेल तेच इथे ठेवतात. पण तुमच्या तालुक्यातली बारव, वीरगळ, बाजार, अवजारं, पिकं यांचे स्वतः काढलेले फोटो असतील, तर आधी कॉमन्सवर गावाचं नाव शोधून बघा. मी आसपासची नावं शोधली तेव्हा कित्येक गावांचा एकही फोटो नव्हता.