अंदमान की लक्षद्वीप : खर्चाच्या दृष्टीने

अंदमानच्या खर्चात विमानाच्या तिकिटाचा वाटा मोठा असला, तरी श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे उतरल्यावर हात आखडता घेण्यास बराच वाव मिळतो. कारण साध्या लॉजपासून महागड्या रिसॉर्टपर्यंत निवासाचे पर्याय आहेत आणि स्वराज द्वीपाला, म्हणजे हॅवलॉकला, खासगी बोटीऐवजी सरकारी बोटीने गेल्यास भाडे बरेच कमी पडते. मात्र सरकारी बोटीची तिकिटे लवकर संपतात, म्हणून हॉटेलाआधी बोटीचे पाहावे. सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस राखावा. मराठी माणूस ते सहसा चुकवत नाही.

लक्षद्वीपचे गणित वेगळे आहे. तेथे भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, वस्तीची बेटे केवळ 10 आहेत आणि निवासाच्या सोयी मोजक्या असल्याने घासाघीस फारशी चालत नाही. कोचीहून तेथील अगत्ती बेटाला विमानाने किंवा जहाजाने जाता येते. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याने कोचीपर्यंतचा प्रवास आणि तेथील एखादा मुक्कामही हिशेबात धरावा. पहिल्याच बेटप्रवासासाठी मी अंदमान निवडेन. निवांत खाजणाचे निळे पाणीच हवे असेल, तर लक्षद्वीप.