छताचं पाणी हौदात घ्यावं की बोअरमध्ये सोडावं?

स्लॅब पडला की प्लंबर विचारतो, "पावसाचे पाइप कुठे सोडू?" धुळ्यात बहुतेक जण सांगून मोकळे होतात, "सोड गटारीत." तुम्हाला तसं करायचं नसेल, तर दोन वाटा आहेत.

आधी हिशेब. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला म्हटलं, तरी ४१ हजार लिटर होतं.

पार्किंगखालचा १० हजार लिटरचा हौद पंचवीस मिलिमीटरच्या पाच-सहा सरींत भरतो. चार माणसांना, माणशी १३५ लिटरनं, १८ दिवस पुरतो. पावसाळाभर वापरत राहिलात तर पुनःपुन्हा भरेल, पण मे महिन्यासाठी राखायचं म्हटलं तर १० हजारच. खोदकामात खडक लागला की खर्च वाढतो. झाकण सैल राहिलं तर डास.

बोअरचं काम त्यामानानं स्वस्तात होतं: पाइप, वाळू-खडीचा फिल्टर आणि पहिल्या पावसाचं धुळकट पाणी बाहेर काढायला एक व्हॉल्व्ह. मोरीचं किंवा अंगणाचं पाणी मात्र चुकूनही आत जाता कामा नये. खरी अडचण जमिनीखाली आहे. धुळ्याखाली काळा बेसाल्ट. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि फटींत. फट लागली नसेल तर बोअर पाणी पीतच नाही. आणि फट लागली, तर ते पाणी फक्त तुमचं राहत नाही. आमचे शेजारी अहिराणीत म्हणाले होते, "मन्हं पानी त्याना बोअरमा जाई ना भो!" म्हणजे, माझं पाणी त्याच्या बोअरमध्ये जाईल ना! जाईलच. पांझरा नदीवरच्या फडातही, म्हणजे गावानं मिळून चालवलेल्या जुन्या सिंचनातही, पाणी पाळीपाळीनं सगळ्यांच्या शेतात जायचं.

तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, शिरपूर-चोपडा-यावलकडे, गणित वेगळं. तिथे वरचा पिवळा गाळ पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून नुसता शोषखड्डा फुकट जातो. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून शिरपूर तालुक्यात खडकाळ भागात नाले रुंद-खोल केले आणि गाळाच्या भागात कोरड्या विहिरींतून पाणी थेट खोलवर सोडलं. त्या पट्ट्यात घर असेल तर मी विहीर किंवा बोअरच निवडेन.

धुळे शहरात मात्र, नळ रोज येत नसेल आणि पैशांची सोय असेल, तर आधी हौद, आणि त्याचा ओव्हरफ्लो बोअरला. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी बोअर तपासा. क्युरिंगला, म्हणजे नव्या बांधकामावर पाणी मारायला, टँकर येणारच आहे. त्यातला एक ५ हजार लिटरचा, पाणी स्वच्छ असेल तरच, बोअरमध्ये हळूहळू रिकामा करा. दोरीला दगड बांधून तासातासानं पातळी मोजा. पाणी झपाट्यानं उतरलं तर पाइप तिकडे वळवा. संध्याकाळीही तोंडाशीच दिसलं, तर हौदाचा खड्डा आखायला घ्या.