लहान कपॅसिटरचा रेक्टिफायर तपासताना: मल्टिमीटर की ऑसिलोस्कोप?

मोठा फिल्टर कपॅसिटर असलेला नेहमीचा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे सर्किट) बिघडला, तर मल्टिमीटर पुरतो, याबद्दल माझे दुमत नाही. निवडीचा प्रश्न येतो तो आउटपुटला जेमतेम एखाद्या नॅनोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि त्यापुढे लोड (करंट घेणारे काही) जवळजवळ नसतोच, तेव्हा.

माझ्यासमोर असाच एक हाफ-वेव्ह (एसीची एकच अर्धी लहर वापरणारा) रेक्टिफायर होता: ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला मोजून ९ व्होल्ट एसी, एक १एन४१४८ डायोड आणि ‘१०२’ छापलेला, म्हणजे १ नॅनोफॅरडचा, चपटा कपॅसिटर. एसीचे शिखर मोजलेल्या आकड्याच्या सुमारे १.४ पट असते, म्हणून डायोडवरची थोडी घट धरूनही आउटपुटला १२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवे होते; मीटर मात्र शांतपणे ७ दाखवत होता. डायोड दोनदा बदलला, कपॅसिटर बदलला, सांधे पुन्हा सोल्डर केले, तरी आकडा हलेना. दोष सर्किटमध्ये नव्हताच. बहुतेक डिजिटल मीटरांचा डीसी रेंजवरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. १ नॅनोफॅरडबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर साधारण दोन-तृतीयांश रिकामा व्हायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद होतो, आणि ५० हर्ट्झला डायोड कपॅसिटर पुन्हा भरतो तो २० मिलिसेकंदांतून एकदाच. मधल्या काळात मीटरच कपॅसिटर बराचसा रिकामा करत होता आणि त्या चढउताराची सरासरी मला दाखवत होता.

गंमत अशी, की ऑसिलोस्कोपचा, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपचा, ×१० प्रोबही (सिग्नल दहापट कमी करून देणारा) १० मेगाओहमचाच असतो, म्हणजे सर्किटला त्याचा त्रास तितकाच. पण पडद्यावर १२ ला टेकणारी शिखरे आणि प्रत्येक शिखरामागची लांब उतरण दिसली, आणि डायोड ठणठणीत असल्याचे तत्क्षणी कळले. मीटरचा तो स्थिर, आत्मविश्वासू आकडा मला आजही खटकतो, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

स्कोप निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. प्रोब चुकून ×१ वर राहिला, तर रेझिस्टन्स १ मेगाओहमवर येतो आणि कपॅसिटर लावलेलाच नाही असे वाटू लागते. शिवाय प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असल्याने ट्रान्सफॉर्मरविना थेट मेन्सवर चालणाऱ्या सर्किटला ती लावू नये, आणि ब्रिज (चार डायोडच्या) रेक्टिफायरच्या इनपुट व आउटपुटला एकाच वेळी दोन क्लिपा लावल्यास एखादा डायोड शॉर्ट होतो. सुटा डायोड तपासायला तर मीटरची डायोड-टेस्टच सोयीची.

ज्यांच्याकडे मीटरच आहे, त्यांनी आउटपुटला ‘१०३’, म्हणजे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर तात्पुरता समांतर लावून पाहावा. आकडा ७ वरून ११ च्या आसपास चढला, तर डायोडला दोष देण्याचे कारण उरत नाही. अडचण एवढीच, की ही युक्ती सुचण्यासाठी आधी मीटरवर संशय यावा लागतो, आणि मला तो यायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.