गोव्याच्या फिल्म बाजारात काय न्यावं: पटकथा की रफ कट?

नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीनं गोव्यात भरणाऱ्या फिल्म बाजाराला (इथे निर्माते आपल्या चित्रपटांसाठी पैसे आणि भागीदार शोधतात) जायचं, एवढं बहुतेक निर्मात्यांचं ठरलेलं असतं. अडतं ते पुढे. पटकथा घेऊन को-प्रॉडक्शन मार्केटला (सहनिर्माते शोधण्याच्या विभागाला) अर्ज करायचा, की घरचे-दारचे पैसे घालून आधी शूट उरकायचं आणि रफ कट, म्हणजे चित्रपटाचं कच्चं संकलन, व्ह्यूइंग रूममध्ये पाहुण्यांना बघायला ठेवायचा? मी एक चित्रपट पहिल्या वाटेनं नेला, दुसरा दुसऱ्या. दोन्हीकडे कामाची माणसं भेटली. तरी कुणी विचारलं तर माझं मन एका बाजूला झुकतं.

रफ कटचं बळ असं की तो समजावून सांगावा लागत नाही. कोकणातल्या कौलारू घरात पावसाळ्यात भर दिवसा किती काळोख असतो, हे पिचमध्ये, म्हणजे गोष्ट तोंडी मांडताना, दहा मिनिटं बोलून कळत नाही; पडद्यावर लगेच कळतं. फेस्टिव्हलसाठी चित्रपट निवडणारे आणि सेल्स एजंट (चित्रपट देशोदेशी विकून देणारे) शांतपणे बसून बघतात, आवडलं तर स्वतःहून गाठतात. बाजाराच्याच वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमधून (अपुऱ्या चित्रपटांवर जाणकार सल्ला देतात, तिथून) गेलेल्या ‘तिथी’ या कन्नड चित्रपटानं 2015 साली स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात आपल्या विभागाचा मुख्य पुरस्कार, गोल्डन लेपर्ड, मिळवला. दिग्दर्शक अगदी नवखा असेल, दाखवायला एखादी शॉर्ट फिल्मही नसेल, तर त्याच्या शब्दावर परका माणूस पैसे का लावेल? तिथे रफ कटच बोलतो. आणि उत्तर काही महिन्यांत मिळतं, हेही कमी नाही.

पण याच वाटेवर एक वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्यानंच माझा निर्णय केला: “पटकथा होती तेव्हाच का नाही आणलंत?” आमच्या गोष्टीला भातलावणी हवी होती. लावणी कुणासाठी थांबत नाही, आणि मुख्य भूमिकेतला मुलगा पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाढला असता, म्हणून आम्ही शूट करून मोकळे झालो होतो. एका युरोपीय निर्मातीनं आमचं बजेट समोर ओढलं आणि पेन्सिलीनं एकेक ओळ खोडत गेली. कॅमेऱ्याचं भाडं, कलाकारांचं मानधन, युनिटचं जेवणखाण, गाड्या. हा सगळा झालेला खर्च. खाली उरलं साउंड मिक्स आणि डीआय (रंगांवरचं शेवटचं काम). तेवढ्यावर तिच्या देशात मोठा निधी मागता येणार नव्हता. चित्रपट तिला मनापासून आवडला होता, म्हणून ते जास्त लागलं.

यात तिचा दोष काहीच नव्हता. व्यवस्थाच तशी आहे. बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या वर्ल्ड सिनेमा फंडाकडे निर्मितीसाठीची मदत शूट सुरू होण्याआधी मागायची असते, आणि जर्मन निर्माता सोबत लागतो. फ्रान्सच्या निधीत शूटनंतरचीही मदत आहे, पण ती शूटआधीच्या मदतीच्या मानानं बरीच लहान. आपल्या सरकारचे फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा वगैरे देशांशी सहनिर्मितीचे करार आहेत, त्यांच्याखाली अधिकृत दर्जा हवा असेल तर अर्ज कॅमेरा लागण्याआधी करावा लागतो. 2022 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात जाहीर झालेली, भारतात केलेल्या पात्र खर्चाच्या काही हिश्श्याच्या परताव्याची योजना सहनिर्मितीला लागू होते ती या दर्जावरच. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ मुंबईत आणि रत्नागिरीत शूट झाला, तो भारत-फ्रान्स अधिकृत सहनिर्मिती म्हणूनच. 2024 साली त्यानं कानला ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार जिंकला. रत्नागिरीत आपल्याला शूट करता येतं, त्यात नवल नाही. पण त्याआधी कागद तयार हवेत.

पटकथेची वाटही सोपी नाही, हे सांगायला हवं. को-प्रॉडक्शन मार्केटमध्ये निवड झाली की भेटी ठरवून मिळतात, समोरच्यानं तुमची फाइल वाचलेली असते. मात्र जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, तुमच्याकडचे पैसे किती जमले? मराठी निर्मात्याची इथे गोची होते. राज्य सरकारचं अर्थसाहाय्य चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर मिळतं, त्यामुळे ते हातातला पैसा म्हणून दाखवता येत नाही. शिवाय बाहेरचा पैसा बराचसा बाहेरच खर्च करावा लागतो: साउंड तिकडे, कलर तिकडे, एखादा तंत्रज्ञ तिकडचा. आणि वेळ! गोव्यातल्या गप्पांपासून पहिल्या शॉटपर्यंत काही वर्षं सहज जातात. मुलांवरचा चित्रपट असेल आणि तुमचा नट ठरलेला असेल, तर हे परवडेलच असं नाही.

तरीही त्या टेबलावर बसल्यावर समोरचा माणूस चित्रपटात शिरतो, तो शेवटपर्यंत राहतो. माझ्या पहिल्या वाटेच्या सहनिर्मातीनं पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यावर अशा जागी बोट ठेवलं की मधला अख्खा भाग आम्ही नव्यानं लिहिला. रफ कटवर कुणी तेच सांगितलं असतं, तर ऐकून घेण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

तेव्हा कमी खर्चाची, गावातल्या माणसांना घेऊन करायची, ऋतूला बांधलेली गोष्ट असेल तर खुशाल शूट करा आणि व्ह्यूइंग रूममध्ये ठेवा. बाकी बहुतेक वेळा मी पटकथेच्या बाजूनं आहे. फक्त बजेटचा किमान पाचवा हिस्सा इथून कुठून येणार ते कागदावर मांडून न्या, आणि ज्या देशाच्या निर्मात्यांना भेटणार आहात, तिथल्या निधीची मुदत केव्हा संपते ते आधीच बघून ठेवा. भेटीत तुम्ही ती तारीख काढलीत की समोरचा आपली डायरी उघडतो.