बंदूक चालवून बघायचीय: पुण्यातला क्लब, वेगास, प्राग की अजून कुठे?

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ काढलं तेव्हापासून आमच्या नेमबाजीच्या क्लबात दोन प्रकारचे लोक चौकशीला येतात. एक म्हणजे पोराला घालायचंय, पुढे रेल्वेत नोकरीला लागतो का हो. आणि दुसरे म्हणजे आम्ही उन्हाळ्यात अमेरिकेला चाललोय, तिकडे खरी बंदूक मारायला मिळते म्हणे, मग इथे छर्र्याच्या बंदुकीवर कशाला वेळ घालवायचा. हे लिखाण दुसऱ्या गटासाठी आहे, आणि जे तिकडेच राहतात आणि वीकेंडला ऑफिसमधली मंडळी नेमबाजीच्या रेंजवर बोलावतात म्हणून जावं की नाही या विचारात आहेत त्यांच्यासाठी.

किती पैसे लागतील हा प्रश्न मागाहून बघू. आधी बघायचं ते तुमच्या पासपोर्टवर कुठला व्हिसा आहे ते.

अमेरिका

बंदूक मारतानाचे सगळे व्हिडिओ इथलेच असतात त्यामुळे इथूनच सुरू करू. वेगासला रेंज आहेत त्या चक्क टुरिस्ट लोकांसाठीच आहेत, हॉटेलवरून गाडी न्यायला येते, भिंतीवर बंदुकांचा मेन्यू, पॅकेज शंभर-दीडशे डॉलरच्या पुढेच जातं आणि त्यात तीन-चार हत्यारं प्रत्येकी थोड्या गोळ्यांसकट येतात. ऑटोमॅटिकसुद्धा मिळते. एका फॉर्मवर सही करायची, ओळखपत्र दाखवायचं, कानाला मफ, डोळ्याला चष्मा, इन्स्ट्रक्टर तुमच्या खांद्याला खेटून उभा. चांगला इन्स्ट्रक्टर पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून देतो, कारण नवखा माणूस पहिल्या धक्क्याला दचकतो आणि चापावरचं बोट आवळलेलंच राहतं.

आता इथली गोम. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरली तरी ते बाळगणंच धरतात. म्हणजे टुरिस्ट व्हिसावरचे आई-बाबा, एफ-1 वर शिकायला गेलेला भाचा, एच-1बी वर नोकरी करत दहा वर्षं टॅक्स भरणारा दादा, सगळे त्यात आले. पण तुमच्या शेजारच्या लेनमधला जर्मन किंवा जपानी टुरिस्ट व्हिसाशिवाय, म्हणजे व्हिसा-वेव्हरवर आलेला असतो, त्याला ही बंदी लागू नाही! एकच रेंज, एकच बंदूक, तो कायद्यात आणि तुम्ही बाहेर. याला अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. तुम्ही आयुष्यात ससासुद्धा मारणार नसाल तरी चालतं, कागद पाहिजे. तिकडची बरीच देशी मंडळी रेंजवर जायच्या आधी हेच करतात, आणि बरीच मंडळी काहीच न करता जातात कारण काउंटरवर कोणी विचारत नाही. काउंटरवर विचारलं नाही म्हणजे कायदा बदलला असं नाही, आणि व्हिसावर असताना फेडरल गुन्ह्याशी खेळ करण्याइतकी कुठलीच बंदूक भारी नसते. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही, मग राज्याराज्याचे नियम बघायचे, इलिनॉयला वेगळं कार्ड लागतं, न्यूयॉर्कला पिस्तुलाचं लायसन्स काढणं हे प्रकरणच आहे, आणि टेक्साससारख्या ठिकाणी तुलनेनं काहीच नाही.

तिथल्या लोकांशी या विषयावर बोलायला गेलात तर जपून. 1791 पासून राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती म्हणून शस्त्र बाळगायचा हक्क बसलाय, 2008 ला सुप्रीम कोर्टानं हा हक्क वैयक्तिक आहे असं स्पष्ट सांगितलं, त्यामुळे आपण ज्याला परवाना म्हणतो ते त्यांच्यातल्या अर्ध्या लोकांना हक्कावरचं आक्रमण वाटतं. बंदुकांची मोजदाद करणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा 2017 चा अंदाज घेतला तर अमेरिकेत नागरिकांकडे दर शंभर माणसांमागे 120 बंदुका, भारतात पाचच्या आसपास. यावर मला काय वाटतं ते विचाराल तर, हक्क म्हणून मिळालेली वस्तू माणूस हळूहळू सहज हाताळायला लागतो, आणि रेंजवर मला भीती वाटते ती त्या सहजपणाचीच. 2014 मध्ये ॲरिझोनातल्या एका टुरिस्ट रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी, म्हणजे छोटी मशीनगन दिली, ती ऑटोमॅटिकवर टाकली, धक्क्यानं नळी वर गेली आणि बाजूला उभा इन्स्ट्रक्टर गोळी लागून गेला. लहान मुलांना घेऊन चालला असाल तर पॅकेज कितीही कुटुंबासाठी वगैरे म्हणो, पॉइंट टू टू, म्हणजे लहान काडतुसाच्या रायफलच्या पुढे जाऊ नका.

अजून एक, तिकडच्या कित्येक रेंज एकट्या आलेल्या आणि स्वतःची बंदूक नसलेल्या माणसाला भाड्यानं देतच नाहीत. आत्महत्या टाळायला. तुम्ही एकटेच गेलात आणि नाही म्हणाले तर राग मानू नका.

प्राग आणि एकूण चेक प्रजासत्ताक

युरोप ट्रिप असेल आणि नुसता आवाज-धक्का-धूर एवढंच अनुभवायचं असेल तर माझं मत प्रागला. शेंगेन व्हिसावर असलात तरी अमेरिकेसारखी आडकाठी नाही, पासपोर्ट दाखवायचा, इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारायचं, परवाना रेंजवाल्यांचा. चेक लोकांना बंदुका बनवायची जुनी सवय, सीझेड 75 हे पिस्तूल तिथलंच, ते त्याच देशात हातात धरायला मजा येते हे कबूल करावं लागेल.

इथला दृष्टिकोन मला इंटरेस्टिंग वाटतो कारण तो अमेरिका आणि आपण यांच्या मधला आहे. परवान्याशिवाय काही नाही, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, डॉक्टरचा कागद, पण हे सगळं पास झालं की सरकार तुम्हाला नाही म्हणत नाही, आणि स्वसंरक्षण हे तिथे चालणारं कारण आहे. 2021 मध्ये शस्त्रानं स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायचा हक्क त्यांनी घटनात्मक सनदेतच घातला, कायद्याच्या अटींसकट. त्यानंतर डिसेंबर 2023 ला प्रागच्याच विद्यापीठात गोळीबारात 14 जण गेले, तेव्हा कायदा घट्ट करायची चर्चा झाली आणि झालाही, पण बंदुका काढून घ्या अशी लाट काही आली नाही. हेच ब्रिटनमध्ये नेमकं उलट झालं होतं, ते पुढे येईलच.

स्वित्झर्लंड

टुरिस्ट म्हणून गेलात तर इथे सोय कमी, पण बघायला सगळ्यात वेगळं. शनिवारी सकाळी गावाबाहेरून ठो ठो आवाज येतो आणि कोणी मान वर करून बघत नाही, गावची 300 मीटरची रेंज चालू असते. सैन्यातली सेवा झालेली माणसं रायफल घरी ठेवतात, गोळ्यांचा डबा मात्र 2007 पासून घरी देणं बंद केलं. मे-जूनमध्ये फेल्डशीसेन म्हणून देशभर नेमबाजीचा उत्सव असतो, लाखाच्या वर लोक भाग घेतात, मग तिथेच सॉसेज आणि बिअर. झुरिकला सप्टेंबरमध्ये 13 ते 17 वयाची मुलं सैन्याच्या रायफलीनं स्पर्धा खेळतात (मुलींना 1991 पासून घेतात), सोमवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी. आपल्या गावच्या उरुसाला कुस्त्यांचा फड असतो तसं हे, फक्त तांबड्या मातीऐवजी टार्गेट.

आणि तरी 2019 ला युरोपियन युनियनचे बंदुकांचे कडक नियम घ्यायचे का यावर मतदान झालं तेव्हा जवळजवळ 64 टक्क्यांनी हो म्हटलं. म्हणजे बंदूक प्रिय आहे पण नोंद करायला ना नाही. झुरिक-बासेलला नोकरीला असाल तर सहकाऱ्याला सांगून त्याच्या क्लबात जा, भाषेचा क्लास लावण्याइतकाच त्याचा उपयोग होतो.

ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया: राहणाऱ्यांसाठी

सुट्टीला जाणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

ब्रिटनमध्ये 1996 ला डनब्लेनच्या शाळेत 16 मुलं आणि शिक्षिका मारली गेली, पुढच्या वर्षी पिस्तूल जवळपास पूर्ण बंद, इतकं की त्यांच्या पिस्तूल नेमबाजांना सरावाला परदेशी जावं लागायचं. पण क्ले शूटिंग, म्हणजे उडत्या चकत्यांवर शॉटगन, याचा एक दिवसाचा अनुभव सर्टिफिकेट नसतानाही मैदानावर घेता येतो आणि ते मस्त असतं. रायफल शिकायची तर क्लबाचं प्रोबेशन किमान तीन महिने, नंतर स्वतःची घ्यायची तर पोलीस घरी येऊन बंदूक ठेवायचं कपाट बघतात, डॉक्टरला विचारतात.

जर्मनीत वर्षभर क्लबाचं सभासद राहून नियमित सराव दाखवावा लागतो तेव्हा कुठे स्वतःच्या बंदुकीचं कार्ड. चिवट लोकांचं काम. पाहुणा म्हणून मात्र क्लबात एखाद्या संध्याकाळी सहज घेतात.

ऑस्ट्रेलियात एप्रिल 1996 ला पोर्ट आर्थरला 35 जण गेले आणि सरकारनं साडेसहा लाखाच्या आसपास बंदुका विकत घेऊन वितळवल्या. तिथे स्वसंरक्षण हे कारण अर्जावर चालतच नाही, आणि लक्षात ठेवा, साधी एअर रायफल, म्हणजे छर्र्याची बंदूकसुद्धा तिथे परवान्यात येते, त्यामुळे इथली सामानात टाकून नेऊ वगैरे विचार डोक्यातून काढा. न्यू साउथ वेल्समध्ये परवाना नसलेल्यांना एक फॉर्म भरून रेंजवर देखरेखीखाली मारता येतं.

जपानचं नाव यादीत नाही कारण तिथे तुम्हाला मिळणारच नाही. एअर रायफललाही परवाना, पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतात, म्हणून तर जपानी टुरिस्ट ग्वामला, म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या बेटावर जाऊन हौस भागवतात.

आता घरचं

लोकांना वाटतं भारतात काहीच करता येत नाही. अर्धवट खरं आहे. आर्म्स ॲक्ट 1959 चा, परवाना हातात येईपर्यंत चपला झिजतात, 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका, लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद. आचारसंहिता लागली की हत्यारं पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस. आपल्याकडे कंबरेला पिस्तूल म्हणजे खेळ नसून वट, हे गावात कोणालाही विचारा, त्यामुळे सरकारही परवाना मागणाऱ्याकडे संशयानं बघतं आणि त्यात फार चुकतं असं मला वाटत नाही.

पण 4.5 मिमीपर्यंतच्या नळीची, 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, दुकानात ओळखपत्र द्यायचं बास. आणि ऑलिम्पिकचा 10 मीटर रायफलचा अख्खा खेळ याच हत्यारावर चालतो. आपली नॅशनल रायफल असोसिएशन 1951 ला निघाली तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, त्यांच्या नावाची स्पर्धा अजून भरते. कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला. एवढं सगळं असताना वेगासला जाऊन पहिल्यांदा बंदूक धरायची म्हणजे गंमतच आहे.

तर पहिल्या दिवशी काय होतं. आधी रिकामी रायफल देतात, टेकू लावून. दस्ता खांद्यात बसवायचा, गाल टेकवायचा, मागच्या छिद्रातून पुढच्या रिंगमध्ये तो काळा गोल बरोबर मध्ये आणायचा, आणि तो राहतच नाही, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला हलतो. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, पेनच्या टोकाएवढा. श्वास निम्मा सोडून थांबायचं, चाप ओढायचा नाही, दाबत जायचं, सुटलं की लगेच मान वर काढून बघायचं नाही. सगळे बघतात. कोच ओरडतो. आवाज फट् एवढाच, धक्का जवळपास शून्य, आणि तरी तासाभरानं पाठ आणि मांड्या भरून येतात. शर्टाच्या आतून घाम. ज्यांना व्हिडिओतला थरार हवा असतो ते दुसऱ्या रविवारी येत नाहीत, त्यात वाईट काही नाही, त्यांनी प्रागचं तिकीट काढावं.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीला क्लबाचीच रायफल आणि जॅकेट, छर्रे 500 च्या डबीत येतात. स्वतःची मॅचची जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल घ्यायची तर दोन-तीन लाख, आणि ती पहिल्या वर्षात घेणाऱ्याला मी तोंडावर नको म्हणतो. पुढे पॉइंट टू टू मारायची तर क्लबाच्या हत्यारानं, क्लबाच्या रेंजवर, कोचसमोर, घरी न्यायचा प्रश्नच नाही.

मग ठरवायचं कसं? एकदाच मारून बघायचंय आणि सोडून द्यायचंय तर प्राग. ग्रीन कार्ड किंवा शिकारीचं लायसन्स हातात असेल तर अमेरिका, तिथे जेवढी व्हरायटी आहे तेवढी कुठेच नाही. लंडनला असाल तर क्ले. आणि नेम लागतो का हे खरंच जाणून घ्यायचं असेल तर घराजवळचा 10 मीटरचा हॉल, आणि मुलांसाठी तर दुसरा पर्याय बघूच नका. जमलं तर जायच्या आधी इथे महिनाभर या, मग वेगास असो की प्राग, इन्स्ट्रक्टरला तुमचं बोट चापाबाहेर सरळ ठेवलेलं दिसलं की तो निम्मा निर्धास्त होतो आणि जास्त चांगलं शिकवतो.

काही बारीकसारीक. बंद गळ्याचा टीशर्ट घाला, पिस्तुलातून उडालेलं गरम काडतूस कॉलरमध्ये शिरलं की माणूस नाचतो, हातात भरलेली बंदूक असताना नाचणं बरं नाही. मारून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, शिसं असतं. ते कपडे दुसऱ्या दिवशी विमानात घालू नका, स्फोटकांच्या तपासणीत उगाच बाजूला घेऊ शकतात. आणि आठवण म्हणून काडतूस खिशात टाकून आणायचं नाही, रिकामं असलं तरी मुंबई विमानतळावर उत्तरं देत बसाल, आणि जिवंत निघालं तर थेट आर्म्स ॲक्ट. भोकं पडलेलं कागदी टार्गेट गुंडाळून आणा, ते चालतं.