सांगली-मिरजेतलं हार्ट चेकअप पॅकेज: पैसे कुठे सार्थकी लागतात

चाळिशी उलटली की डॉक्टर म्हणतात, एकदा हार्ट चेकअप करून घ्या. सांगली-मिरजेत त्याचं पॅकेज सहज मिळतं: ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी), साखर आणि बहुधा छातीचा एक्स-रे. हे पॅकेज कसलाही त्रास नसलेल्यांसाठी आहे. चढ चढताना छातीवर दाब येत असेल, कळ जबड्यात किंवा हातात जात असेल, तर पॅकेजच्या भानगडीत न पडता थेट हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. बसल्या जागी दुखत असेल तर १०८ ला फोन लावा.

पॅकेजमधला सगळ्यात मोलाचा भाग सगळ्यात स्वस्त आहे: लिपिड, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि नीट मोजलेलं बीपी. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून बीपी घेतात का, ते बघा. जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधला तर आकडा हमखास जास्त येतो. गोळ्या चालू करायच्या की नाहीत, हे बहुतेकांचं या तीन गोष्टींवरच ठरतं.

टीएमटीचं मात्र जपून. ही तपासणी हृदयाच्या रक्तवाहिनीतला साधारण ७० टक्क्यांच्या पुढचा अडथळा पकडते. हार्ट अटॅक पुष्कळदा त्याहून लहान, रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीची गाठ फुटून, तिच्यावर रक्त गोठून येतो. म्हणून 'निगेटिव्ह' म्हणजे अभय नव्हे. उलट धोका कमी असलेल्यांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, खोटा पॉझिटिव्ह येतो आणि माणूस विनाकारण अँजिओग्राफीच्या टेबलावर जातो.

टीएमटी करायचीच ठरली तर आधी दोन-तीन तास जड खाणं, चहा, तंबाखू बंद. बूट घालून जा. चपलेवर पट्ट्यावर चालता येत नाही. बीटा ब्लॉकरची (ठोके कमी करणारी) गोळी थांबवायची का, ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. ब्रूस या टीएमटीच्या नेहमीच्या पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढाने होते. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. दांडा घट्ट धरून लोंबकळलात तर हृदयावर ताण कमी पडतो आणि दम मात्र चांगला दिसतो. रिपोर्टमध्ये गाठलेले ठोके बघा: २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. पन्नाशीच्या माणसाला साधारण १४५. तिथवर न पोचता 'निगेटिव्ह' लिहिलं असेल, तर त्यावर विसंबू नका.

इकोमध्ये झडपा आणि पंपिंग दिसतं, ब्लॉक दिसत नाहीत. 'ट्रिव्हियल टीआर' (हृदयाच्या एका झडपेतून किंचित गळती) वाचून घरात रडारड होते. तेवढी गळती निरोगी माणसातही सर्रास असते. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन', म्हणजे हृदय सैल पडण्यातली सौम्य अडचण, वयाबरोबर आणि बीपीमुळे येतं. त्यावर बीपी आटोक्यात ठेवणं हेच मुख्य काम.

वय चाळीस ते पंच्याहत्तर, हार्ट अटॅकचा धोका मधला आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घ्यायची की नाही यावर घोडं अडलेलं, अशांनी डॉक्टरांना सीटी कॅल्शियम स्कोअरबद्दल, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणाऱ्या स्कॅनबद्दल, विचारावं. सुई नाही, डाय नाही, काम मिनिटांत होतं. रेडिएशन थोडं असतं. स्कोअर शून्य आला तर बऱ्याच जणांची गोळी पुढे ढकलता येते. मधुमेह, विडी-सिगारेट किंवा घरात कमी वयात अटॅकचा इतिहास असेल तर ही सवलत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त आला तर सहसा गोळी सुरू करतात. ज्यांची स्टॅटिन आधीच चालू आहे, त्यांनी यावर पैसे घालवू नयेत.