केबलची ओढाताण आणि वंगणाचे पेटंट

अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरांचे वायरिंग करणाऱ्यांना रोमेक्स हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. साउथवायर कंपनीच्या या केबलचा ‘सिमपुल’ हा प्रकार ओढताना वरून वंगण लावावे लागत नाही, असे कंपनी म्हणते. आणि पिवळ्या आवरणाची १२ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) केबल भिंतीतल्या लाकडी खांबांना पाडलेल्या भोकांतून, विशेषतः वळणावर, ओढून पाहिली की ते म्हणणे बऱ्याच अंशी पटते. एक-दोन भोकांच्या किरकोळ कामात मात्र फरक जाणवत नाही आणि तेवढ्यासाठी कोणी केबल बदलावी, असे मला वाटत नाही.

यामागची युक्ती अशी की वंगण आवरणावर फासलेले नसते. ते आवरणाच्या प्लॅस्टिकमध्येच मिसळून केबल तयार करतात आणि मग ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहते. आपल्याकडचे वायरमन पाईपमधून वायर ओढताना टाल्कम पावडर किंवा साबणाचे पाणी वापरतात. हेतू तोच, फक्त इथे ते काम कारखान्यातच उरकलेले असते.

प्रश्न आहे तो ही युक्ती पेटंट देण्याइतकी नवी होती का, हा. याच कल्पनेवरच्या साउथवायरच्या पेटंटमध्ये उत्पादनाची पद्धत सांगून, वंगण नसलेल्या तशाच केबलच्या तुलनेत ओढण्याचे बळ किमान सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असा दावा होता. सेरो वायर या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याला आव्हान दिले. आधीच्या एका पेटंटात ऑप्टिकल फायबर केबलच्या आवरणात घर्षण कमी करणारा घटक मिसळण्याची पद्धत दिलेली होती आणि तिचा हेतूही केबल सहज ओढता यावी, हाच होता. त्यामुळे या क्षेत्रातल्या जाणकाराला ही पद्धत सहज सुचली असती, असा निर्णय अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या मंडळाने दिला आणि पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०१७ मध्ये तो कायम ठेवला.

मला हा निकाल योग्य वाटतो, पण मंडळाने घेतलेली वाट नव्हे. ३० टक्क्यांची घट जुन्या पद्धतीत मुळातच अंतर्भूत आहे, असे मंडळाने धरले होते. ती त्या पद्धतीत दर वेळी अपरिहार्यपणे येतेच, हे मात्र त्याने कुठे दाखवलेले नव्हते. न्यायालयाने ही चूक नोंदवली आणि तरीही, मंडळाची इतर निरीक्षणे पुरेशी असल्यामुळे, ती निकालाला बाधक मानली नाही. वंगणाचे प्रमाण कमी-जास्त करून हवी तेवढी निसरड मिळवणे हे कारखान्यातले नेहमीचे काम आहे, त्याला शोध म्हणता येत नाही. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, भांडी घडवताना धरून ठेवणाऱ्या साधनाच्या खटल्यात, कारागिराच्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे काही असल्याशिवाय पेटंट टिकत नाही, असेच ठरवले होते.

साउथवायरला वाचवू शकला असता तो एकच पुरावा: ३० टक्क्यांची घट जाणकारांना अनपेक्षित होती, हे दाखवणारा. तसा पुरावा न्यायालयासमोर नव्हता.